गरम झाली की बंद पडणारी गाडी

गाडी बंद पडते ती दोन तऱ्हांनी. पेट्रोल कमी पडलं तर ती आचके देते, खोकते, थोडी ओढते आणि मग थांबते. चालवणाऱ्याला कडेला घ्यायला वेळ मिळतो. करंट तुटला तर तसं काही होत नाही. चालत्या गाडीची कुणी चावी काढून घ्यावी तसं इंजिन गप्प होतं आणि उरलेल्या वेगावर गाडी मुकाट पुढं सरकत राहते. ह्या दुसऱ्या तऱ्हेच्या गाड्या दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला. बसवकल्याणात एका गल्लीच्या तोंडाशी माझं पत्र्याचं शेड आहे. पाटीवर कन्नडात आणि मराठीत ‘ऑटो इलेक्ट्रिशियन’ असं लिहिलंय. लोक मला करंटवाला मिस्त्री म्हणतात.

इंजिन खोलणारे मिस्त्री वेगळे. त्यांचे हात कोपरापर्यंत काळे असतात. माझे त्या मानानं स्वच्छ, म्हणून त्यांच्यात मला जरा कमीच मान. ठिणगी का पडत नाही, एवढाच माझा विषय. मी शिकलो तेव्हा ठिणगीचं काम दोन पॉइंटांवर चालायचं. ते पॉलिश पेपरनं घासले, फट बरोबर केली की गाडी चालू. नंतर इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं. आता ठिणगी कधी टाकायची हे गाडीतला छोटा कॉम्प्युटर ठरवतो, आणि इंजिन किती फिरलं ही बातमी त्याला एक सेन्सर देतो. अंगठ्याएवढी वस्तू असते ती. तिची बातमी आली नाही तर कॉम्प्युटर ठिणगीही टाकत नाही आणि पेट्रोलही सोडत नाही. बाकी सगळी गाडी धडधाकट असून जागेवर उभी.

हा सेन्सर एकदम मेला तर बरं असतं, बदलून टाकता येतो. पण पुष्कळदा तो फक्त गरम झाल्यावर मरतो आणि थंड झाला की जिवंत होतो. दुकानात येईपर्यंत गाडी निवलेली असते. मीटर लावावा तर सगळं बरोबर. हुमनाबादच्या एका टायरवाल्याची गाडी नेहमी एकाच पुलाजवळ बंद पडायची. त्यानं त्या पुलावर लिंबू-मिरच्या वाहिल्या, नारळ फोडले, शेवटी तो रस्ताच सोडला. गाडी दुसऱ्या रस्त्यावरही बंद पडली, तेव्हा माझ्याकडं आला. घरापासून तेवढं अंतर आलं की सेन्सर तापत होता, एवढीच त्या पुलाची बाधा. ही गोष्ट मी गिऱ्हाइकांना हसत सांगत आलोय. दुसरी एक गाडी होती, तिची सांगत नाही. ती आज लिहितो.

कोहिनूर गावच्या सिद्रामप्पांची जुनी, छोटी पेट्रोल गाडी होती. अप्पांचं गावात किराणा दुकान आणि थोडी शेती. मुलगी सोलापूरला दिलेली. घरात ते आणि त्यांची बायको गौराक्का, दोघंच. अक्कांच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी, त्यांना कलबुर्गीला डायलिसिसला न्यावं लागायचं. अप्पा स्वतः गाडी चालवत.

ते पहिल्यांदा शेडात आले तेव्हा गाडी बाहेर चालू ठेवूनच आले. बंद केली तर परत चालू होईल याचा भरवसा नव्हता.

“मिस्त्री, रस्त्यात मरायलीय ही,” ते म्हणाले. “प्लग बदललो, कॉइल बदललो, पेट्रोलचा पंप बदललो. जरा वेळ थांबलं की आपोआप चालू व्हायलीय.”

मागच्या खेपेला गाडी वाटेत बंद पडली होती. दवाखान्यात पोचेपर्यंत अक्कांच्या मशीनवर दुसरा पेशंट घेतलेला. अंगात पाणी साठून दम लागलेला असताना त्या दुपार टळेपर्यंत व्हरांड्यात बसून राहिल्या होत्या.

“बसनं का न्हाई नेत?” मी विचारलं.

“जाताना बसनं जाता येतंय. येताना तिला उभारता येत न्हाई.”

मी मीटर लावला, वायरिंग तपासलं. काही सापडलं नाही. मला अंदाज होता, पण अंदाजावर आणखी एक वस्तू बदलायची आणि ह्या माणसाला पुन्हा त्या रस्त्यावर पाठवायचं, हे मला पटेना.

“अप्पा, पुढच्या वाराला मीबी येतो तुमच्यासंगट. माझ्यासमोर बंद पडली पायजे.”

ते माझ्याकडं बघतच राहिले. “बंद पडावी म्हणून येनार तू?”

“व्हय.”

पहिल्या खेपेला आभाळ होतं, हवा गार होती. गाडी बिनतक्रार गेली आणि आली. मी पुढं अप्पांशेजारी हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेलो. मागं अक्का. जाताना त्या थोडं बोलल्या. येताना डोळे मिटून पडून होत्या, आणि प्रत्येक खड्ड्याला अप्पा आरशात बघत होते.

दुसऱ्या खेपेला ऊन कडक होतं. कमलापूरच्या अलीकडं, चढावर, इंजिनाचा आवाज एकदम गेला. अप्पांनी गाडी कडेला घेतली. मागून अक्का म्हणाल्या, “पडली बघ मिस्त्री, तुला पायजे हुती तशी.”

मी घाईनं उतरलो. सोबत आणलेला जादा प्लग वायरीत अडकवून इंजिनाला टेकवला आणि अप्पांना स्टार्टर मारायला सांगितलं. इंजिन फिरत होतं, प्लगावर ठिणगी नव्हती. पेट्रोल सोडणाऱ्या इंजेक्टरांची टिकटिकही ऐकू येत नव्हती. दोन्ही एकदम गेलेलं, म्हणजे बातमीच येत नव्हती. सेन्सरची वायर वर येऊन बॅटरीच्या बाजूला एका सॉकेटात बसते. ते सॉकेट काढून मीटर लावला. मीटर काहीच दाखवेना, सेन्सरच्या आतली तार तुटल्यासारखं. मग माझ्या बाटलीतलं पाणी सेन्सरवर धरलं. वाफ निघाली. आणखी ओतलं, थांबलो, पुन्हा मीटर लावला. आकडा आला.

मान वर केली तर अक्का उतरून माझ्या शेजारी उभ्या होत्या. एका हातानं गाडीचा आधार घेतलेला. दुसऱ्या हातावर, सुया टोचतात तिथली शीर दोरखंडासारखी फुगलेली. ती त्यांनी पदरानं झाकली.

“हे एवढंसंच खराब हाय?” त्यांनी विचारलं.

“एवढंच. हे बाकीच्यांना सांगतंय इंजिन फिरायलंय म्हणून. तापलं की सांगायचं थांबतंय.”

“अन् पाणी टाकलं की?”

“थंड होतंय. परत सांगाय लागतंय.”

त्या थोडा वेळ त्या ओल्या सेन्सरकडं बघत राहिल्या. त्यांना दिवसाला किती पाणी प्यायचं ते बांधून दिलेलं होतं. अप्पा भांड्यानं मोजून द्यायचे.

“ह्याचं बरं हाय,” त्या म्हणाल्या. “तापला की पाणी मिळतंय.”

मी सॉकेट परत बसवत होतो तर त्यांनी कसं काढलं ते विचारलं. मी दाखवलं, ही क्लिप दाबायची आणि ओढायचं. त्यांनी स्वतः एकदा काढून, बसवून पाहिलं. टक् असा आवाज आल्यावर त्या जरा हसल्या. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

सोलापूरहून नवा सेन्सर मागवून बसवला. त्यानंतर ती गाडी वाटेत कधीही बंद पडली नाही. अप्पांचा फोन येई, “मिस्त्री, नीट जाऊन आलाव.” मला बरं वाटायचं. आमच्या कामात गाडी बरी झाल्यावर कुणी फोन करत नाही. हा माणूस करायचा.

अक्का मात्र उतरत चालल्या होत्या. बाजाराला कधी बसवकल्याणला आल्या तर शेडासमोर गाडी थांबायची आणि मी खिडकीपाशी जाऊन बोलायचो. तोंड काळवंडलेलं, पाय सुजलेले. एकदा मी विचारलं, तिथं फार दुखतं का. त्या म्हणाल्या, “दुखत न्हाई रे. आपलं रगत भाईर फिरायलंय अन् आपण वर पंखा बघत पडायचं. घरी आल्यावर दुसरा दिवस झोपण्यात जातोय. तिसऱ्या दिवशी जरा माणसात येते, तवर परत वार आलेलाच असतोय.”

अप्पा म्हणाले, “वार चुकवायचा न्हाई. डॉक्टरनं सांगितलंय.”

“मी कुटं चुकवायलेय,” त्या म्हणाल्या.

त्या वर्षी येळवस नेमकी त्यांच्या वाराला आली. आमच्याकडं येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, घरात कुणी जेवत नाही. सगळं गाव शेतात जातं. डाळी-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील घेऊन लोक ज्वारीत बसतात. मीही सासुरवाडीच्या शेतात जायला निघालो होतो, तेवढ्यात अप्पांचा फोन आला.

“मिस्त्री, गाडी चालू होईना. आज वार हाय तिचा.”

मी मोटारसायकल काढली. रस्त्यानं ट्रॅक्टर भरभरून माणसं शेतांकडं निघालेली. डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बाया, नवे कपडे घातलेली पोरं. त्या सगळ्यांतून मी उलटा कोहिनूरकडं जात होतो आणि मनातून त्या नव्या सेन्सरला शिव्या देत होतो.

अप्पा अंगणात गाडीपाशीच उभे होते. दवाखान्याची पिशवी मागच्या सीटवर ठेवलेली. घरातून भज्जीचा वास येत होता.

“जायचं न्हाई म्हणलो तरी पहाटंपासून चुलीपुढं हाय,” ते चिडून म्हणाले. “म्हणलो, भावकीतल्या कुणाच्या हातनं शेतात निवद पाठवू. ऐकंना.”

मी स्टार्टर मारला. इंजिन जोरात फिरलं. ठिणगी नाही, इंजेक्टरांची टिकटिक नाही. अगदी कमलापूरच्या चढावर होतं तसंच. पण आज गाडी थंडगार होती, सकाळपासून हललीही नव्हती. मी बॅटरीच्या बाजूला हात घातला. सॉकेट जागेवर दिसत होतं, पण बसलेलं नव्हतं. कुणीतरी ते काढून नुसतं टेकवून ठेवलं होतं, वरून बघणाऱ्याला कळू नये असं. हे सॉकेट धक्क्यानं निघत नाही. क्लिप दाबल्याशिवाय ते सुटत नाही. आणि क्लिपवर बोटाच्या ठशाएवढं बाजरीचं पीठ वाळून चिकटलेलं होतं.

मी वर पाहिलं. अक्का दारात परात घेऊन उंडे वळत बसल्या होत्या. माझ्याकडं बघत नव्हत्या. बोटं चालू होती, पण हातातला उंडा कधीच गोल होऊन गेला होता.

फॉल्ट सापडला की माणसाला आतून बरं वाटतं, इतक्या वर्षांनंतरही वाटतं. त्या दिवशी नाही वाटलं. सॉकेट दाबून गप्प बसलो असतो तर गाडी चालू झाली असती आणि अप्पांनी त्यांना तसंच उचलून नेलं असतं. सेन्सर गेला म्हणालो असतो तर अप्पांनी मानलं असतं. गाडीबाबत ते माझ्या शब्दाबाहेर नव्हते. अक्का शेतात गेल्या असत्या. पण एक वार चुकल्यावर त्या बाईच्या शरीरात काय होईल, ते मला ठाऊक नव्हतं. मी बॉनेटच्या सावलीत, काहीतरी तपासतोय असं दाखवत, बराच वेळ उभा राहिलो.

“काय झालंय?” अप्पांनी विचारलं.

“गाडीला काही न्हाई अप्पा. सॉकेट हातानं काढलेलंय.”

“हातानं? कुनी काढलं?”

मी पुन्हा सॉकेटावर वाकलो. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग दाराकडं.

“गौरा?”

“मीच काढलेय,” अक्का म्हणाल्या. परात त्यांनी बाजूला सारली.

“कामून?”

“शेतात जायचंय मला.”

“उद्या जाऊ की शेतात. रोज जाऊ.”

“येळवस उद्या न्हाई.”

“मग मला सांगायचं हुतंस,” ते म्हणाले.

“सांगितलं की. परवा सांगितलं, काल रातीबी सांगितलं. तुमी म्हणलाव, वार चुकवायचा न्हाई.” त्यांचा आवाज चढलेला नव्हता. “पुढच्या येळवशीला मी असते का न्हाई, ते तुमालाबी म्हाईत हाय. मीच कामून येड पांघरून बसू?”

अप्पा गाडीच्या बंपरवर बसले. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं, पण बॉनेट उघडं होतं.

थोड्या वेळानं त्यांनी मलाच विचारलं, “एक दिवस चालतंय का रे?”

“मला त्यातलं काय कळतंय अप्पा. दवाखान्यात विचारा की.”

हे इतकं साधं होतं, आणि त्यांना ते सुचलंच नव्हतं. वार म्हणजे त्यांच्या लेखी दगडावरची रेघ. त्यांनी फोन लावला. पलीकडच्या नर्सबाई कन्नडात आधी रागावल्या. मग डॉक्टरांना विचारून आल्या आणि म्हणाल्या, उद्या सकाळी लवकर या, पाणी आणि मीठ सांभाळा, दम लागला तर तसेच निघून या. अप्पांनी सगळं दोनदा विचारून घेतलं. फोन ठेवला आणि अक्कांकडं न बघता म्हणाले, “टोपली भर.”

मी क्लिपवरचं पीठ पुसलं, सॉकेट दाबलं. गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली.

त्यांनी मलाही नेलं. ज्वारी डोक्याएवढी झालेली, मधे कडब्याची कोप, पूजेची छोटी झोपडी, केलेली. अप्पा आंबील शिंपडत पिकातून फेरी मारून आले. अक्का कोपीपाशी घोंगडीवर बसल्या होत्या. त्यांनी अर्धा उंडा आणि चमचाभर भज्जी घेतली. आंबील त्यांना वर्ज्यच होती. अप्पांनी स्वतः वाटीत थोडी ओतली, वाटी तिरपी करून किती आहे ते पाहिलं आणि त्यांच्या हातात दिली. एक एक घोट त्या कितीतरी वेळ तोंडात धरून ठेवत होत्या.

मग त्या बोलायला लागल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा ह्या बांधावर चिंच होती, तिच्यात पोपट होते. सासू इथं बसून सगळ्यांना वाढायची आणि स्वतः शेवटी जेवायची. अप्पा ऐकत होते. आयुष्यभर ह्याच शेतात राबलेला माणूस, पण चिंच नेमकी कुठं होती ते विचारत होता आणि त्या हात करून दाखवत होत्या. मी जेवणाचं पान घेऊन जरा लांब जाऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी ते वेळेवर दवाखान्यात पोचले. अप्पांचा फोन आला तेव्हा मी शेडात होतो, आणि तोवर माझं एकाही कामात लक्ष लागलं नव्हतं. त्यानंतर अक्कांनी एकही वार चुकवला नाही.

उन्हाळ्यात त्या गेल्या. दवाखान्यातच, मशीनवरून काढल्यावर. येताना त्या अँब्युलन्समध्ये होत्या आणि मागून अप्पा एकटे आपली गाडी चालवत आले. माती झाल्यावर मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं, “कुटं बंद पडली न्हाई मिस्त्री. एकदाबी न्हाई.” मी किती गाड्या दुरुस्त केल्या असतील. केलेल्या कामाची पावती कानाला इतकी कडू लागलेली मला दुसरी आठवत नाही.

पावसाळा संपता संपता एका दुपारी ते शेडात आले. बसनं आले होते. गाडी जावयाला देऊन टाकलेली. बाकावर बसले, मी चहा मागवला. पावसाचं, तुरीचं बोलणं झालं. मग ग्लास हातात तसाच धरून म्हणाले,

“एक विचारू का?”

“विचारा की.”

“त्या दिवशी सेन्सर गेलाय म्हणला असतास तर मी मानलो असतो.”

“व्हय अप्पा.”

“तिचंबी काम झालं असतं. मग खरं कामून सांगितलास?”

हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला होता. “मला खोटा फॉल्ट सांगायला जमत न्हाई,” मी म्हणालो. “सवय न्हाई.”

त्यांनी चहा संपवला. रस्त्यावरून कोहिनूरची बस स्टँडकडं वळताना दिसली तसे ते उठले.

“लई राग आलता तुझा,” ते म्हणाले. “आता वाटतंय, बरं केलास. खोटं सांगितला असतास तर गेलो असतो शेतात, पर दिवसभर गाडीचंच डोक्यात घेऊन बसलो असतो. सोलापूरला फोन लाव, सेन्सर कवा येतोय बघ. तिच्याकडं बघितलोच नसतो.”